काचपेटीतला आडोसा

आसेंबो,
१७ जानेवारी १९९९

चि. रिस्पर हिला थोरलीचे आशीर्वाद.

मी इथे बरी आहे, तूही तिकडे बरी असशील. गुडघा दुखतो, पण तो तू असतानाही दुखत होता, तेव्हा ती बातमी धरू नकोस. मका काढून झाला. कणसं यंदा लहान भरली. शेळीला दोन बोकड झाले. सरोवरावर जलपर्णी अजून तशीच आहे. होड्या काठाला लागून पडल्यात आणि शेजारच्या विल्किस्टाच्या कोंबड्या त्या हिरव्या गालिच्यावरून थेट आत चालत जातात. परवा एक परत आली नाही. विल्किस्टा दिवसभर काठावर उभी राहून तिला आईबापावरून शिव्या देत होती.

तुझं पत्र शाळेच्या टपालपेटीत आलं. मास्तरांनी ते मला देण्याआधी उजेडाकडे धरून पाहिलं. पुढच्या वेळी जाड पाकीट वापर.

पत्रात तू जे विचारलंयस ते मी वाचलं. त्याचं लिहीन. आधी घरातलं महत्त्वाचं.

चीफ फार माजलाय. तू होतीस तेव्हा तो निदान आपल्या कोपऱ्यात राहायचा. आता माशांची सगळी काचपेटी त्याचीच. पोट लाल भडक करतो, पाठ निळी करतो आणि दिसेल त्याच्या मागे लागतो. त्यात तुझ्या मास्तरणीने (तीच, शेपटी फाटकी, तोंड नेहमी वाकडं करून बघणारी) तोंडात अंडी धरलीत. गाल असे फुगलेत की विल्किस्टा म्हणाली, 'हिला कुणी शेकायला मीठ द्या.' अंडी तोंडात आहेत तोवर ती खात नाही, तुला ठाऊकच आहे. उपाशी बाई आणि मागे हा. लपायला जागा नाही. ओबिएरोने ठेवलेलं जुनं लाकूड कुजून गेलं. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. ते काढून टाकलं, आता पेटीत नुसती वाळू आणि तीन दगड आहेत. त्या दगडांच्या आड तर माझा अंगठाही लपायचा नाही.

तेव्हा मला लाकूड तयार करायचंय. तो ते कसं करायचा? तू त्याच्या शेजारी चवड्यावर बसून पाहायचीस. मी चुलीपाशी असायचे आणि तुम्हा दोघांना हसायचे, घरात खायला मासा नाही आणि मासे मात्र घरात. तेव्हा सगळं नीट, एकेक करून लिही. कुठलं लाकूड चालतं, कुठलं नाही, किती उकळायचं, सगळं. घाईने दोन ओळी खरडू नकोस.

आता तुझं.

तू लिहितेस की तुझा बाप म्हणतो, आसेंबोच्या लोकांनी तुझ्या नवऱ्याला, ओबिएरोला, पुरल्याशिवाय तू त्या घरचीच, दुसरीकडे जायचं नाव नको. आणि तो बेकरीतला माणूस चांगला आहे, पण किती थांबणार. खरंच आहे. माणसाला जेवायला आणि बोलायला कुणी लागतं. आणि पुरायला देह नाही ही अडचण नाही, हे मलाही कळतं. पाण्याने ज्याला ठेवून घेतलं त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात, आजोबांच्या आजोबांपासून पुरत आलेत. माणसाच्या मांडीएवढं फळ असतं, त्याला कपडे घालतात, खड्ड्यात निजवतात, आणि घरातला माणूस गेला हे सगळ्यांना मान्य होतं.

अडलंय ते माझ्यावर. थोरलीने हंबरडा फोडल्याशिवाय घरात कुणी रडायचं नाही आणि रडणं झाल्याशिवाय पुरणं नाही. पेरणी आधी माझी, मग तुझी. कापणी आधी माझी, मग तुझी. रडणंही आधी माझं. तू सवत म्हणून नवी आलीस तेव्हा हा मान मला फार गोड लागायचा. तू कुदळ घेऊन बांधावर उभी आणि मी मुद्दाम भाकरी सावकाश खातेय, आठवतं?

तू विचारतेस, 'अक्का, तो येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मग रडत का नाही?' रिस्पर, रडणं म्हणजे शाळेतला नळ आहे का, फिरवला की सुरू?

बघू. लाकडाचं आधी कळव.

तुझी थोरली,
ट्रुफोसा


आसेंबो,
२१ फेब्रुवारी १९९९

चि. रिस्पर हिला आशीर्वाद.

पत्र मिळालं. जाड पाकीट पाहून मास्तरांचा चेहरा पडला. तुझी तब्येत सुधारली असं लिहिलंयस, बरं वाटलं. नाकुरूच्या थंडीत डोकं झाकून जात जा. मी बरी आहे. बोकडांपैकी एक मेला.

तू लाकडाचं पान भरून लिहिलंस, फार छान लिहिलंस. मी ते चुलीच्या वरच्या फटीत खोचून ठेवलं आणि एकेक वाक्य वाचून तसंच केलं. 'नख रुतलं तर लाकूड फेकून द्या. वास घ्या, आंबूस आला तर नको. होडीची फळी नको, तिच्यात डांबर असतं. चीक येणाऱ्या झाडाचं नको, कितीही चांगलं दिसलं तरी.' अगदी त्याच्याच तोंडचं. 'कितीही चांगलं दिसलं तरी' हे तर तो बायकांबद्दलही म्हणायचा, मेला.

लाकूड शोधायला मी काठावर गेले. जलपर्णीत पाय घातला की खाली पाणी आहे की चिखल ते कळत नाही. पूर आला तेव्हा बुडालेली झाडं अजून उभी आहेत, पांढरी पडलेली, त्यांच्यावर बगळे. मी काठीने पानं बाजूला करत गेले. बऱ्याच वेळाने एक मिळालं. काळं, जड वाटणारं, एका बाजूला दोन फाटे आणि मध्ये पोकळ, मास्तरीण जाईल एवढं. नख लावलं, रुतलं नाही. वास घेतला, नुसत्या ओल्या मातीचा. डोक्यावर घेऊन घरी आणलं. वाटेत भेटलेल्यांनी विचारलं, 'सरपण का?' मी म्हटलं, 'माशांचं घर.' त्यांनी वाट सोडली. अलीकडे लोक माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

साल सगळी सोलली. तारेच्या ब्रशने घासलं, फटीतून एक मेलेला खेकडा निघाला. साबण लावला नाही, तू बजावलं होतंस. मग लग्नाचं पातेलं काढलं. तुझ्या लग्नात त्यात मटण शिजलं होतं, ते. एवढ्या लाकडाला दुसरं कुठलं पुरणार? अंगणात तीन दगडांवर चढवलं आणि जाळ घातला.

विल्किस्टा कुंपणापलीकडून ओरडली, "अगं ट्रुफोसा, पाहुणे कोण?"

"कुणी नाहीत. लाकूड शिजतंय."

"लाकूड?"

"ये जेवायला. तुला मधला मऊ तुकडा वाढते."

ती आली, झाकण काढून बघितलं. पाणी कडक चहासारखं झालं होतं. "दूध घाल, साखर घाल, बाजारात विकू," म्हणाली. मग बसली आणि म्हणाली, "हे सगळं त्या माशांसाठी?" मी म्हटलं हो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पाणी ओतून दिलं आणि नवं भरलं.

दुसऱ्या उकळीला पाणी फिकं झालं, तिसऱ्याला आणखी फिकं. तिसऱ्या उकळीच्या वेळी झेडेकिया भावोजी आले. त्यांनी दुरून धूर पाहिला, मोठं पातेलं पाहिलं, आणि त्यांना वाटलं मी लोकांना बोलावायचं ठरवलं. बिचारे चर्चचा कोट घालून आले होते. पातेल्यात डोकावले आणि कोटाची बटणं सोडत बसले.

मी चहा दिला. तुला ठाऊक आहे ते कसे, आधी हवा, मग शेळ्या, मग धर्म, आणि शेवटी विषय. पण त्या दिवशी सरळच म्हणाले, "वहिनी, पाऊस पडला की मला झोप लागत नाही. वाटतं माझा भाऊ अंगणाच्या बाहेर भिजत उभा आहे आणि आत घ्यायला कुणी नाही."

मी म्हटलं, "त्याला पाण्याची भीती कधी नव्हती."

"थट्टा करू नका. चर्चच्या मागे यागोला फळं लागलीत. एक मी पाहून ठेवलंय, चांगलं लांब आहे. त्याच्या उंचीला शोभेल."

"फळाला उंची असते होय?"

"तुम्हाला काय हवंय ते एकदा सांगा." आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, "तो येईल असं तुम्हाला वाटतं का?"

मी नाही म्हटलं. खरंच नाही वाटत. त्याच्याबरोबरचे दोघे मागेटा बेटाच्या बाजूला मेलेले सापडले, होडी उलटी सापडली. तो सापडला नाही कारण वर ही हिरवी गोधडी पसरलीय. मी काय वेडी आहे?

"मग वाट कसली बघताय?"

 लाकूड काढायची वेळ झाली असं म्हणून मी उठले. ते कप धुवून ठेवून गेले. भावोजी वाईट नाहीत ग. आपण दोघी त्यांना फार हसायचो.

आता लाकूड पिंपात आहे आणि बुडत नाही. मी त्याला पाटा बांधला, तरी एक टोक वर काढून बघतं. तू लिहिलंयस, 'बुडेपर्यंत भिजत ठेवा, घाई नको.' पण किती? पाणी रोज बदलू की एक दिवसाआड? पाण्यात मीठ घालू का? वर पांढरी साय येते तसं काहीतरी आलंय, ती बुरशी आहे का, ती घातक आहे का? आणि पाटा सोडून दुसरं काय बांधता येईल? पाट्याविना माझं वाटण अडलंय. हे सगळं सविस्तर कळव.

मास्तरणीची पहिली अंडी गेली. चीफने इतकं पळवलं की तिने तोंड उघडलं. आता तिने पुन्हा धरलीत.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळी वाचल्या. 'अक्का, लाकडाचं सगळं सांगितलं. आता तुम्ही माझं सांगा.' पुढच्या पत्रात नक्की. आज हात दुखतोय, ब्रशने घासून घासून.

उत्तर लवकर धाड.

तुझी,
ट्रुफोसा


आसेंबो,
२८ मार्च १९९९

प्रिय रिस्पर,

मी बरी आहे. भावोजींनी नाकुरूला बसवाल्याबरोबर निरोप पाठवलाय म्हणे, म्हणजे बातमी तुला आधीच कळली असेल. गावात वेगवेगळं ऐकशील. खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

तुझं उत्तर आलं नव्हतं. मी रोज शाळेत जात होते. मास्तर मला लांबूनच पाहून मान हलवायचे. पिंपातलं लाकूड तरंगतच होतं, आणि चीफने मास्तरणीच्या शेपटीचा आणखी एक तुकडा तोडला. ती वरच्या कोपऱ्यात पाण्याला तोंड लावून उभी असायची, दिवसभर. मला ते बघवेना.

आपल्या कुंपणातलं गोठ्याकडचं शेराचं झाड पुरात उन्मळलं होतं, ते आठवतं? ओबिएरोने हे अंगण मांडलं तेव्हा मी नवी नवरी होते, आणि पहिलं रोप त्याने लावलं ते हेच. त्याचा बुंधा वर्षभर उन्हापावसात पडून होता. साल गळालेली, आतून पोकळ, पांढरा शुभ्र, दगडासारखा जड. मी पाण्यात टाकून पाहिला, लगेच बुडाला. मी नखाने उकरलं, नख रुतलं नाही. वास नव्हता. चीक तर कुठून असणार? शेराचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, माझ्या माहेरी, उयोमात, पोरं त्याच्या फांद्या ठेचून डबक्यात टाकून मासे पकडायची. पण हा मेलेला, वाळलेला, घरचा. त्याच्या हातचा. मी एकदाच उकळला, पाणी फारसं रंगलं नाही, आणि संध्याकाळी पेटीत ठेवला. तू लिहिलं होतंस, 'कितीही चांगलं दिसलं तरी.' ते चुलीवरच्या फटीत होतं आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मास्तरीण लगेच आत गेली. मला इतका आनंद झाला की मी तिच्याशी मोठ्याने बोलले. म्हटलं, बघ, नवऱ्याने लावलेल्या झाडाच्या पोटात कशी बसलीस.

सकाळी उठून पाहिलं तर पाणी दुधाळ झालं होतं. सगळे वर आले होते, तोंडं उघडीबंद करत. धाकटे दोघे तळाशी पडलेले. मी बुंधा बाहेर ओढला, फेकला, बादल्या भरभरून पावसाचं पाणी ओतलं, जिवंत होते त्यांना ओंजळीने कळशीत टाकलं. मास्तरीण त्यात होती, गाल फुगवून. चीफ नव्हता. चीफ उलटा तरंगत होता. लाल पोट वर. मी त्याला हातात घेतलं आणि तो अजून जरा हलत होता, आणि मग थांबला.

मी त्याला रोज शिव्या देत होते, रिस्पर. पण हातात तो थांबला तेव्हा मी त्याला तसाच धरून उठले. मी दारात गेले आणि ओरडले. कसं ओरडले ते मला सांगता येणार नाही, कारण मला ते ओरडताना ठाऊक नव्हतं. विल्किस्टाने सांगितलं. ती म्हणाली, मी आधी 'उऽवी, उऽवी' केलं आणि मग, 'माझ्या घराच्या खांबा, कुठे गेलास, ओबिएरो, गार पाण्यात मला न सांगता कुठे गेलास' असं म्हणत खाली बसले.

झालं. विल्किस्टाने ऐकलं आणि तिने तिच्या अंगणातून उचललं. तिच्याकडून पुढच्या घरी. बघता बघता अंगण बायकांनी भरलं, डोक्याला हात लावून पळत येतायत, कुणी जमिनीवर लोळतेय. वर्षाहून जास्त सगळ्यांनी दाबून ठेवलेलं. म्हातारे काठ्या टेकत आले. आणि मी मधोमध, हातात मेलेला फुलू मासा घेऊन.

मी शुद्धीवर आले आणि म्हटलं, "अहो, मासा मेला. माशासाठी रडले."

विल्किस्टा माझ्याजवळ बसली. तिचे स्वतःचे डोळे सुजले होते. म्हणाली, "बाई, माशाला कुणी घराचा खांब म्हणतं का?"

"तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं ते गेलं. थोरली रडली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आता ते परत गिळता येत नाही."

भावोजी कोट न घालताच आले होते, पायात चप्पल नव्हती.  माझ्या हातातून मासा घेतला, नीट, दोन्ही हातांनी, आणि केळीखाली खड्डा करून पुरला.  परत आले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हा मला कळलं की माझ्या एकटीच्या हट्टापायी त्यांना भावासाठी रडताही आलं नव्हतं. तुलाही नाही.

लोक पांगल्यावर हात धुवायला पिंपापाशी गेले तर ते काळं लाकूड तळाशी जाऊन बसलेलं. गर्दीत कुणीतरी पिंपाला धडकलं आणि पाटा सुटला असेल, पण पाट्याविना ते खाली राहिलं होतं. मी पेटी घासून धुतली, नवं पाणी भरलं, ते लाकूड ठेवलं. पाणी थोडं पिवळसर झालंय, चालेल. मास्तरीण आणि आणखी तीन जणी आहेत. मास्तरीण लाकडाच्या पोकळीत असते, तोंड अजून बंद आहे. आता तिला पळवायला कुणी नाही, तरी ती बाहेर येत नाही.

आता तुझं सांगते. तू दोन्ही पत्रांत विचारलंस आणि मी दोन्ही वेळा टाळलं.

लाकूड कसं तयार करायचं ते मला येत होतं. पहिल्यापासून. तो अंगणात लाकूड उकळायचा तेव्हा जाळ कोण घालत होतं? मीच. नख लावून बघायचं, साबण नको, पाण्याचा रंग, बुरशी काही करत नाही, मासेच ती खाऊन टाकतात, हे सगळं मी तुझ्याआधी पंधरा पावसाळे पाहिलेलं. मी तुला मुद्दाम विचारलं. मिठाचं विचारलं, पाट्याचं विचारलं. म्हणजे तुला उत्तर लिहावं लागेल. आणखी काय काय विचारता येईल ते मी भाकरी थापताना जुळवत बसायचे.

भावोजींनी विचारलं होतं, वाट कसली बघताय. मी तुझ्या पत्राची बघत होते. त्याची नाही. तो गेल्याचं मला होडी सापडली त्याच दिवशी कळलं. पण फळ पुरलं की आपली दोघींची डोकी भादरणार, आलेले लोक जेवणार, आणि मग तुला आसेंबोला यायला काही कारण उरणार नाही. नवरा पुरला नाही तोवर मला निदान सवत आहे. पुरला की मी एकटीच. मूल मला नाही, तुला नाही. दोघींना नाही म्हणजे खोट कुणात ते सगळ्या गावाला कळलं होतं, फक्त त्यालाच कळलं नाही, आणि त्यावर आपण दोघी ताक घुसळताना किती हसायचो. ते आता मी कुणाला सांगून हसू? विल्किस्टाला सांगता येत नाही, ती चर्चमध्ये बोलेल.

मीच तुला पाहून पसंत केलं होतं, तुला माहीत आहे. लोक म्हणाले, हिने आपल्या हाताने आपल्या उरावर सवत आणली. मी आणली ती त्याच्यासाठी आणली असंच मला तेव्हा वाटलं. घर फार मोठं होतं आणि तो दिवसभर पाण्यावर. तू आलीस आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. तू तुझ्या घरातून हाक मारायचीस, 'अक्का, विस्तव आहे का?' तुझ्याकडे काड्यापेटी असायची, तरी मारायचीस. मला वाटतं मी लाकडाचं विचारत होते ते तसंच.

तर भावोजींनी दिवस ठरवलाय. ईस्टरनंतरचा शनिवार. फळ उतरवलंय, त्याचा निळा सदरा आणि इस्त्री केलेली विजार मी काढून दिली. विजारीला तूच शिवलेलं ठिगळ आहे, ते लोकांना दिसलं तर दिसू दे. खड्डा माझ्या घराच्या उजव्या हाताला, जिथे तो बसायचा.

तू ये. तुझ्या बापालाही घेऊन ये, म्हणजे तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि पुन्हा कुणी तुला अडवणार नाही. भावोजींना मी सगळ्यांसमोर सांगितलंय, शनिवारनंतर रिस्पर मोकळी, तिच्यावर या घराचा हक्क नाही, ज्याला बोलायचं असेल त्याने माझ्याशी बोलावं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. बेकरीवाल्याला मात्र आणू नकोस. एवढं मोठं मन नाही माझं, निदान त्या दिवशी नाही.

आलीस की अंगणात शिरतानाच रड. आता तुला परवानगी आहे. मोठ्याने रड, मनात काही ठेवू नकोस, मी आत बसून ऐकेन. मग माझ्याजवळ जेव, दोन दिवस राहा, आणि जा. तू जाताना मी काही विचारणार नाही, मिठाचं नाही, पाट्याचं नाही, कशाचंच नाही. वाटलं तर आपणहून लिही.

शनिवारपर्यंत तुझी सवत, नंतर जे म्हणशील ते,

ट्रुफोसा